पाण्याचे परिमाण

जैन व्यापारी कुटुंबांचे पाण्याशी दोन प्रकारचे नाते पिढ्यानपिढ्या चालत आले आहे. पहिले नाते दानाचे. बाजारपेठेच्या गावात पाणपोई कोणी घातली, वेशीबाहेरची विहीर कोणी बांधली, दुष्काळात टँकर कोणी लावले, असे विचारले तर अनेकदा एखाद्या पेढीचे नाव पुढे येते. दुसरे नाते मर्यादेचे. पाणी गाळून पिणे, अप्कायिक जीवांची विराधना होऊ नये म्हणून ते बेताने वापरणे, गाळल्यानंतर उरलेली जीवाणी ज्या विहिरीतून पाणी काढले त्याच विहिरीत परत सोडणे, हे संस्कार घरातील आजी-पणजींनी जपले. पहिल्या नात्याची संगमरवरी पाटी लागते, दुसऱ्याची लागत नाही.

गेल्या काही दशकांत पहिले नाते वाढले आणि दुसरे आक्रसत गेले. तलावातील गाळ काढण्यासाठी मोकळ्या हाताने देणगी देणारे कुटुंब त्याच वर्षी बंगल्यामागे किंवा कारखान्याच्या आवारात जुन्या बोअरपेक्षा अधिक खोल बोअर घेते. त्यात कोणाला विसंगती वाटत नाही, कारण देणगी सार्वजनिक असते आणि बोअर खाजगी. परंतु जमिनीखालच्या पाण्याला कुंपण नसते. शेजारच्या चार बोअरांनी ओढलेले पाणी आणि तलावातून मुरलेले पाणी एकाच साठ्यातले असू शकते. एका हाताने दिलेले दुसऱ्या हाताने कसे परत घेतले जाते, हे कोणत्याही वहीत नोंदले जात नाही.

जे पाणी, जे रान, जे कुरण सर्वांचे असते, त्याच्या वापराला मर्यादा कोण घालणार आणि ती कशी पाळली जाणार? या एका प्रश्नाला एलिनॉर ऑस्ट्रॉम या अमेरिकन विदुषीने सुमारे अर्धशतक वाहून घेतले. त्या ना जैन होत्या, ना व्यापारी. पण व्यापारी घरात वाढलेल्या माणसाला त्यांचे संशोधन वाचताना अनेक गोष्टी ओळखीच्या वाटतात.

ऑस्ट्रॉम यांचा जन्म १९३३ मध्ये लॉस एंजेलिस येथे झाला. आईवडील विभक्त झालेले, मंदीचा काळ, घरची परिस्थिती ओढग्रस्तीची. परसात भाजीपाला पिकवायचा आणि हंगामातील फळे बाटल्यांत भरून ठेवायची, अशी काटकसर त्यांनी लहानपणीच पाहिली. महाविद्यालयात जाण्याची गरज आईला वाटत नव्हती. त्यांनी नोकऱ्या करीत शिक्षण पूर्ण केले. १९५४ मध्ये राज्यशास्त्राची पदवी हाती आली, तेव्हा नोकरी देणारे विचारत, ‘टंकलेखन येते का? लघुलेखन येते का?’ त्यांनी पत्राद्वारे लघुलेखन शिकून घेतले आणि एका कंपनीत निर्यात कारकून म्हणून काम धरले. पुढे क्षेत्रावर जाऊन लोकांच्या मुलाखती टिपताना तेच लघुलेखन उपयोगी पडले.

अर्थशास्त्रात डॉक्टरेट करण्याची त्यांची इच्छा होती. परंतु मुलींना त्रिकोणमितीची काय गरज, अशा समजुतीमुळे शाळेत त्यांना ते गणित शिकता आले नव्हते. तेवढ्या कारणाने अर्थशास्त्राचे दार बंद झाले. राज्यशास्त्र विभागाने प्रवेश दिला, तोही तेथील काही प्राध्यापकांच्या नाराजीला तोंड देत. याच विद्यार्थिनीला २००९ मध्ये अर्थशास्त्राचा नोबेल स्मृती पुरस्कार मिळाला. ऑलिव्हर विल्यमसन यांच्यासमवेत तो विभागून होता आणि त्या विषयात हा सन्मान मिळवणाऱ्या त्या पहिल्या महिला ठरल्या.

त्यांच्या संशोधनाची सुरुवात पाण्यापासूनच झाली. विद्यापीठातील एका अभ्यासवर्गात प्रत्येक विद्यार्थ्याला दक्षिण कॅलिफोर्नियातील एकेक भूजल खोरे नेमून दिले होते. ऑस्ट्रॉम यांच्या वाट्याला लॉस एंजेलिसच्या किनाऱ्यालगतचे ‘वेस्ट बेसिन’ आले. तेथे नगरपालिका, पाणी पुरवणाऱ्या कंपन्या आणि कारखाने आपापल्या विहिरींतून बेसुमार उपसा करीत होते. गोडे पाणी उतरत गेले तसे समुद्राचे खारे पाणी जमिनीखालून आत शिरू लागले. सर्वांना धोका दिसत होता, तरी थांबायला कोणी तयार नव्हते. एकाने उपसा कमी केला तर वाचलेले पाणी दुसरा ओढून नेणार, हा हिशेब प्रत्येकाच्या मनात होता. तो हिशेब चुकीचाही नव्हता.

मग घडले ते असे. उपसा करणाऱ्यांनी आपली संघटना स्थापली, खोऱ्यात पाणी किती येते आणि किती काढले जाते याची खात्रीशीर माहिती मिळवली आणि प्रकरण न्यायालयासमोर नेले. मात्र निकालाची वाट पाहत बसण्याऐवजी ते वाटाघाटीला बसले. १९५५ मध्ये अंतरिम करार झाला. पुरेशा मोठ्या हिश्श्याच्या पक्षकारांनी सही केल्याखेरीज तो कोणावरच बंधनकारक नव्हता. त्यामुळे एकट्याने मर्यादा पाळून फसण्याची भीती उरली नाही. पुढे न्यायालयाने नेमलेला एक त्रयस्थ अधिकारी कोणी किती पाणी काढले याची नोंद ठेवू लागला आणि दरवर्षी ती सर्वांपुढे उघड मांडू लागला. किनाऱ्याजवळ विहिरी खोदून त्यांतून गोडे पाणी जमिनीत सोडले गेले आणि खाऱ्या पाण्याला बांध घातला गेला. हा सारा व्यवहार स्वार्थ जपणाऱ्या माणसांनी स्वतः बसून ठरवला होता. १९६५ मध्ये पूर्ण झालेला ऑस्ट्रॉम यांचा प्रबंध याच खोऱ्यावर आहे.

त्याच वर्षी पती व्हिन्सेंट ऑस्ट्रॉम यांच्यासह त्या इंडियाना विद्यापीठात आल्या. पतीला प्राध्यापकपद होते. त्यांच्यासाठी जागा नव्हती. मंगळवार, गुरुवार आणि शनिवारी सकाळी साडेसात वाजता पहिल्या वर्षाला शिकवणारे कोणी हवे होते. ते काम त्यांनी पत्करले. १९७३ मध्ये दोघांनी एक अभ्यासकेंद्र उभे केले आणि त्याला ‘वर्कशॉप’ हे नाव दिले. घरातील लाकडी सामान स्वतः करता यावे म्हणून हे दाम्पत्य एका स्थानिक सुताराच्या हाताखाली काम शिकत होते, त्या कारखान्यावरून ते नाव सुचले. विद्या हीदेखील हाताखाली बसून, एकमेकांचे काम तपासत शिकण्याची गोष्ट आहे, असे त्यांचे मत होते. नोबेलच्या रकमेतील त्यांचा वाटाही त्यांनी या संस्थेच्या कामाला दिला.

त्या काळच्या विद्वानांत एक मत दृढ झाले होते. गॅरेट हार्डिन या जीवशास्त्रज्ञाने १९६८ मध्ये एका प्रसिद्ध लेखात सामाईक कुरणाचे उदाहरण मांडले. प्रत्येक गुराखी आपले एक जनावर वाढवीत जातो. लाभ त्याचा एकट्याचा, हानी सर्वांची. शेवटी कुरण उजाड होते. यातून वाटा दोनच मानल्या जात: सरकारने ताबा घ्यावा, अथवा कुरण तुकडे करून खाजगी करावे. ऑस्ट्रॉम यांनी या निष्कर्षाला साधा प्रश्न विचारला: हे गुराखी एकमेकांशी बोलत का नाहीत? व्यापाऱ्याला हा प्रश्न अगदी स्वाभाविक वाटेल. ज्या बाजारात कोणी कोणाशी बोलत नाही, कोणाची पत कोणाला ठाऊक नाही आणि वाद मिटवायला महाजन नाही, तेथे लबाडी माजणारच. प्रत्यक्षातील बाजार असा नसतो. परगावच्या पेढीने हुंडी स्वीकारली ती न्यायालयाच्या भरवशावर नव्हे, नावाच्या भरवशावर.

ऑस्ट्रॉम यांनी जगभरातील जुने सामाईक व्यवहार तपासले. स्वित्झर्लंडमधील टोर्बेल या डोंगरी गावात १५१७ पासून नियम होता की, आपल्या चाऱ्यावर हिवाळ्यात जितक्या गाई पोसता येतील तितक्याच उन्हाळ्यात सामाईक कुरणावर पाठवाव्यात. गाई मोजणे सोपे, चारा मोजणे सोपे, आणि शेजाऱ्याच्या डोळ्यांतून काही सुटत नाही. स्पेनमधील व्हॅलेन्सिया येथे कालव्याच्या पाण्याचे तंटे दर गुरुवारी कॅथेड्रलच्या दारासमोर शेतकऱ्यांनी निवडलेले पंच तोंडी सुनावणी घेऊन मिटवतात. ती प्रथा शतकानुशतके चालू आहे. मोडलेल्या व्यवस्थाही त्यांनी तितक्याच बारकाईने पाहिल्या. तुर्कस्तान आणि श्रीलंका येथील काही मासेमारी-क्षेत्रांत लोकांना नियम टिकवता आले नव्हते. १९९० मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ग्रंथात, टिकलेल्या व्यवस्थांत आढळणारी आठ लक्षणे सांगितली आहेत.

ती लक्षणे पेढीच्या भाषेत सहज मांडता येतात. भागीदार कोण आणि कोण नाही, हे स्पष्ट असावे. ज्याला लाभ अधिक, त्याच्यावर भार अधिक, आणि नियम जागेला साजेसे असावेत. ज्यांना नियम पाळायचे, त्यांना ते करण्यात मत असावे. वही तपासणारा भागीदारांना उत्तरदायी असावा. पहिल्या चुकीला समज, दुसऱ्या चुकीला दंड, वारंवार चुकणाऱ्याला कडक शासन, अशी शिक्षा चढती असावी. पहिल्याच चुकीला कोणाला देशोधडीला लावू नये. तंटा जवळच्या जवळ, थोड्या खर्चात मिटावा. सरकारने लोकांचा नियम करण्याचा अधिकार मानावा. आणि व्यवहार मोठा असेल तर लहान मंडळे मोठ्या मंडळांत गुंफलेली असावीत, जशी गावची पेढी, तालुक्याची संघटना आणि तिच्यावर महासंघ.

दानशील समाजाने मुद्दाम थांबून पाहावे असा त्यांच्या अभ्यासातील भाग नेपाळमधला आहे. तेथे शेतकऱ्यांनी बांधलेल्या कालव्यांची तोंडे दगड, माती आणि झाडांच्या फांद्या रचून केलेली असत. पुरात ती वाहून जात आणि दरवर्षी नव्याने बांधावी लागत. दुसरीकडे सरकारने परदेशी मदतीतून सिमेंटचे पक्के बंधारे बांधले होते. पक्क्या बांधकामाने पाणी अधिक पोहोचेल, असे कोणालाही वाटेल. तुलना केली तेव्हा सरासरीने चित्र उलटे दिसले. शेतकऱ्यांनी चालवलेल्या कच्च्या कालव्यांवर शेवटच्या टोकाच्या शेतांना पाणी अधिक चांगले मिळत होते आणि पीकही अधिक येत होते.

कारण माणसांच्या परस्परसंबंधात होते. कच्चे तोंड दरवर्षी दुरुस्त करायचे तर वरच्या शेतकऱ्याला खालच्या शेतकऱ्याचे हात लागत. ते हात हवेत, म्हणून तो त्याच्यासाठी पाणी सोडी. पक्का बंधारा आयता मिळाल्यावर वरच्याला खालच्याची गरज उरली नाही, आणि गरज संपली तशी वाटणीही संपली. देणाऱ्याचा हेतू शुद्ध होता आणि बांधकामही भक्कम होते. तरीही जीवांनी एकमेकांना उपकारक होऊन जगावे हे जे सूत्र, ते त्या दानाने नकळत तोडले.

दान वाईट, असा याचा अर्थ मुळीच नाही. महाराष्ट्रात दुष्काळाच्या वर्षांत जैन संस्थांनी गाळ काढण्याची जी कामे केली, भारतीय जैन संघटनेने बीड आणि बुलढाणा जिल्ह्यांत जे उभे केले, त्याने अनेक गावांच्या तलावांत पुन्हा पाणी साठले. ते मोल कमी होत नाही. परंतु तलाव भरल्यानंतर त्याचे पाणी कोणी, किती आणि कोणत्या पिकासाठी घ्यायचे, हे ठरले नसेल तर भरलेला तलाव नव्या बोअरना आमंत्रण ठरतो. दानाने साठा वाढतो. साठा टिकवणे हे मर्यादेचे काम आहे.

या भूमीला अशी मर्यादा अपरिचित नाही. खानदेशात आणि नाशिकच्या उत्तर भागात पांझरा, मोसम, आरम या नद्यांवर बंधाऱ्यांची जुनी फड पद्धत होती. भिजणारी जमीन फडांत विभागलेली असे, एका फडात एकच पीक घेतले जाई, पाटकरी पाणी देई आणि पाटाची दुरुस्ती लाभधारक मिळून करीत. पाणी कमी असेल त्या वर्षी काही फड पडीक ठेवले जात. तोटा सर्वांनी वाटून घेतला जाई. नद्यांवर वरच्या बाजूला धरणे झाली, शेतोशेती विहिरी आल्या आणि ही घडी बरीचशी विसकटली. अलीकडचे उदाहरण अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजारचे. तेथे शेतीसाठी बोअर घेण्यास गावाने स्वतः बंदी घातली, ऊस आणि केळी यांसारखी पाणी पिणारी पिके वर्ज्य केली, आणि पावसाळा संपल्यावर ग्रामसभेत पाण्याचा ताळेबंद मांडून मगच रब्बीची पिके ठरवली जाऊ लागली. ताळेबंद हा शब्द व्यापाऱ्याच्या वहीतलाच आहे.

कायद्याचा आधार घेऊन कोणी म्हणेल की, आपल्या जमिनीखालचे पाणी आपलेच. १८८२ च्या सुविधाधिकार कायद्यापासून जमीनमालकाचा तो हक्क मानला गेला आहे, आणि जगात भूजलाचा सर्वाधिक उपसा करणारा देश भारतच आहे. परंतु श्रावकाचार हक्कापाशी थांबत नाही. तो परिमाणापासून सुरू होतो. सातव्या व्रताच्या विवेचनात वर्ज्य सांगितलेल्या पंधरा कर्मादानांत वने तोडून उपजीविका करणे, रानाला आग लावणे आणि सरोवरे व तलाव आटवणे यांचा स्पष्ट उल्लेख आहे. व्यापार करावा, पण या मार्गाने नको, असे गृहस्थाला बजावले आहे. तळी आटवण्याचे काम आज कोणी फावडे घेऊन करीत नाही. ते विजेच्या पंपाने, जमिनीखाली आणि कोणाच्या नजरेस न येता होते.

उपासकदशांग सूत्रातील आनंद श्रावकाची कथा या दृष्टीने पुन्हा वाचण्यासारखी आहे. वाणिज्यग्रामचा हा गृहस्थ बारा कोटी सुवर्णमुद्रांचा धनी होता. चार कोटी निधानात, चार कोटी व्यापारात, चार कोटी घरप्रपंचात. शिवाय गोधन चाळीस हजारांचे. भगवान महावीरांपुढे व्रते घेताना त्याने संपत्ती टाकून दिली नाही. प्रत्येक गोष्टीला मोजमाप लावले. स्नानाला आठ घडे पाणी, पिण्याला केवळ आकाशातून पडलेले पाणी, असे त्याचे परिमाण होते. मोघम संयमापेक्षा मोजलेला संयम पाळता येतो, कारण तो मोडला की लगेच कळते. टोर्बेलच्या गावकऱ्यांनी गाई मोजल्या आणि वेस्ट बेसिनमध्ये उपसा मोजला गेला, त्यामागचे तत्त्वही हेच.

एक भेद मात्र लक्षात ठेवावा लागतो. आनंद श्रावकाचे व्रत त्याच्या एकट्याचे होते, आणि आत्म्याच्या दृष्टीने एकट्याचे व्रत पूर्ण असते. भूजलाचे तसे नाही. शेजारी उपसत असताना एका घराने पंप बंद ठेवला तर त्या घराची निर्जरा होईल, पण पाण्याची पातळी वाचणार नाही. येथे ऑस्ट्रॉम यांचे संशोधन व्रताच्या विचारात मोलाची भर घालते: सामाईक वस्तूचे परिमाण सामाईकच हवे, सर्वांना दिसेल असे नोंदलेले हवे आणि मोडणाऱ्याला विचारणारे कोणी हवे. हा सर्व रोगांवरचा उतारा आहे, असा दावा त्यांनी कधी केला नाही. एकच औषध सर्व गावांना लागू करणाऱ्यांना त्या शेवटपर्यंत विरोध करीत राहिल्या. १२ जून २०१२ रोजी त्यांचे निधन झाले, तोवर त्यांचे लेखन आणि विद्यार्थ्यांना मार्गदर्शन चालू होते.

व्यापारी समाजाजवळ या कामासाठी लागणारी सामग्री आधीपासूनच आहे. हिशेब ठेवण्याची सवय आहे, पत जपण्याची रीत आहे, चारचौघांत बसून तंटा मिटवण्याचा अनुभव आहे आणि परिमाणव्रताचा वारसा आहे. स्थानक, मंदिर, धर्मशाळा, गृहसंकुल, मार्केट यार्डातील गाळे, जेथे जेथे बोअर आहे, तेथे पाणी मोजणारे मीटर बसवणे फार खर्चाचे नाही. महिन्याचा उपसा फलकावर लिहिणे त्याहून सोपे. अवघड आहे ते शेजारच्यांना, मग ते कोणत्याही धर्माचे असोत, सोबत घेऊन एका साठ्याची एक वही उघडणे आणि त्या वहीत आपला आकडा सर्वांत आधी लिहिणे. तलावासाठी देणगी देणाऱ्या घराने हा आकडा लिहिला, तर त्या देणगीचे पाणी पुढच्या उन्हाळ्यातही गावात राहील.